खिडकीपुढचा दाणा

संशोधन केंद्रातल्या त्या गायीला सगळे खिडकी म्हणत. तिच्या डाव्या कुशीत गोल भोक पाडून त्यावर रबरी झाकण बसवलं होतं. झाकण काढलं की पोटात हात घालून चारा कसा जिरतोय ते बघता यायचं. गायीचं त्याने काही अडत नव्हतं. तिला सांभाळायच्या डॉक्टरीणबाई, आणि तिच्या जिवावर मिरवायचे संचालक. गुरांच्या आहारावर हे गृहस्थ तासन्‌तास बोलत. गोठ्यात मात्र फोटोपुरते येत, तेही नाकाला रुमाल लावून.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाई रजेवर गेल्या, आणि इकडे बडे पाहुणे यायचं ठरलं. वाळका चारा फोटोत दरिद्री दिसतो म्हणून संचालकांनी तो बंद केला आणि खिडकीपुढे नुसता दाणा ओतायला लावला. जनावर कसं तुकतुकीत दिसलं पाहिजे म्हणे! नुसत्या दाण्याने पोट आंबून गाय दगावते, हे त्यांच्याच पुस्तकात छापलेलं आहे. ते त्यांनी स्वतः वाचलं असेल, असं बाईंना कधीच वाटलं नाही.

बाई परतल्या त्याच सकाळी पाहुणे येणार होते. खिडकी मान टाकून उभी होती. रवंथ बंद, शेण पाण्यासारखं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात संचालक पाहुण्यांना घेऊन आलेच. बाईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की पोट आत्ताच्या आत्ता रिकामं केलं नाही तर गाय हातची जाईल. पाहुण्यांकडे बघून हसत हसत संचालकांनी बाईंना चहापाणी उरकेपर्यंत थांबायला सांगितलं.

बाई थांबल्या नाहीत. झाकण निघताच असा आंबूस भपकारा आला, की पाहुणे चार पावलं मागे सरले. खांद्यापर्यंत हात घालून बाईंनी आंबलेला दाणा उपसला, पोट धुतलं, शेजारच्या धडधाकट गायीच्या पोटातला चारा जिरवणारा रस नळीने काढून आत ओतला आणि वर वाळका चारा कोंबला. संचालकांनी घसा खाकरला. हे तातडीच्या उपचाराचं प्रात्यक्षिक आपण खास पाहुण्यांसाठी ठेवलं आहे, असं त्यांनी बेधडक ठोकून दिलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी खिडकीचा जबडा हळूच हलायला लागला, तेव्हा बाईंना रडूच आलं. त्याच वेळी संचालक आले, आणि चक्क रुमालाशिवाय. पाहुणे बेहद्द खूश होते. पुढच्या महिन्यात दुसरी मंडळी येणार, त्यांनाही हेच दाखवायचं होतं.

"त्यासाठी तिला परत आजारी पाडावं लागेल, सर."

"मग? दाण्याला काय तोटा आहे आपल्याकडे?"

बाई उठल्या. दाण्याच्या खोलीला त्यांनी कुलूप घातलं आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

"किल्ली हवी असेल तर माझी बदली करा," त्या म्हणाल्या. "फक्त कारण खरं लिहा. गाय मरू दिली नाही म्हणून."

संचालकांना एकाएकी गोठ्याचा वास यायला लागला. नाकाला रुमाल लावून ते निघून गेले, आणि खिडकी रवंथ करत राहिली.