वर्गातला वणवा

बायको गेल्यापासून मी तिच्या वर्गाकडे फिरकलो नव्हतो. तिच्या जागी आता माझी मेहुणी शिकवते. तिचा फोन आला तेव्हाही नाहीच म्हणणार होतो.

"भाऊजी, उद्या वणव्याचा धडा आहे. तुम्ही जन्मभर वणवे विझवलेत, तुम्हीच शिकवा. आणि उद्याच शिक्षण खात्याचे साहेब येतायत, भिंगरीचं ठरवायला."

भिंगरी म्हणजे वर्गातली एक मुलगी. तिला सगळं सावकाश समजतं, पाय मात्र एका जागी ठरत नाहीत, म्हणून हे नाव. तिला सगळ्यांबरोबर शिकवायचं की मागच्या वेगळ्या खोलीत बसवायचं, याचा निकाल लागणार होता. याच मुलीसाठी बायको आजारपणातही शाळेशी भांडली होती. मी म्हटलं, येतो.

बायकोची पद्धत अशी, की धडा आधी अंगानं शिकायचा, पुस्तक नंतर. आम्ही बाकं भिंतीला लावली आणि वर्तमानपत्रं चुरगाळून जमिनीवर पसरली. हा पालापाचोळा. काही मुलं झाडं झाली. चार मुली लाल ओढण्या घेऊन जाळ झाल्या. उरलेल्यांच्या हाती झाडू, ती माझी माणसं. जाळानं फक्त कागदावर पाय टाकायचा. झाडाला जाळ शिवला की झाडानं आडवं व्हायचं. झाडूवाल्यांनी कागद लोटून मोकळा पट्टा करायचा आणि जाळ अडवायचा.

भिंगरीला मी बी केलं आणि मधोमध चादरीखाली बसवलं. "काही बियांचं कवच फार टणक असतं. वणव्याचा चटका बसल्याशिवाय त्यांना कोंब फुटत नाही. तू तसलं बी. चटका बसेपर्यंत उठायचं नाही."

"भाऊजी, ही बसतेय होय!" मेहुणी कुजबुजली.

साहेब आले. कडक इस्त्रीचा शर्ट, बसायला खुर्ची नाही.

"साहेब, उभेच आहात तर झाड व्हा," एक ओढणीवाली म्हणाली. साहेब बिचारे झाले झाड.

मी शिट्टी मारली आणि वर्गात नुसता धुमाकूळ उठला. झाडं किंचाळत पडत होती. एक झाड पडल्यावरही दुसऱ्याला गुदगुल्या करत होतं. साहेबांना जाळ शिवला.

"आडवे व्हा! रडीचा डाव नाही!"

साहेबांनी इस्त्रीकडे एकदा पाहिलं आणि हप्त्याहप्त्यानं आडवे झाले. एवढ्यात झाडूवाल्यांनी असा पट्टा काढला की जाळ कोपऱ्यात अडकून पडला. मी या वयात उड्या मारल्या. सुट्टीची घंटा झाली, मुलं दाराकडे पळाली.

चादर मात्र हलली नाही.

साहेब उठून बसले. "बघा. खेळ संपल्याचंही तिला कळलं नाही."

मेहुणीचा चेहरा पडला. "भिंगरे, ऊठ बाळा. सुट्टी झाली."

"नाही," चादर म्हणाली.

"का गं?"

"मला कुठे चटका बसला?"

दारातली मुलं थांबली. झाडूवाल्यांचा म्होरक्या, ज्याला सगळे तोफ म्हणतात, तो गरजला, "आजोबा, घोटाळा केलात तुम्ही! सगळा जाळ अडवा म्हणालात. मग हिनं उगवायचं कधी?"

खरंच की! जाळ दिसला की विझवायचा, हेच हाडीमाशी खिळलेलं. खेळही तसाच रचला आणि बी विसरलो. मला असं हसू फुटलं की बाक धरावं लागलं. किती महिन्यांनी, देव जाणे.

सुट्टीला कोणी गेलंच नाही. किती जाळ येऊ द्यायचा यावरून भांडणं जुंपली.

"सगळा येऊ दे!"

"वेडी आहेस का? झाडं जातील!"

शेवटी झाडांच्या बुंध्यांपाशी झाडलं आणि भिंगरीपर्यंत कागदाची एक चिंचोळी वाट ठेवली. जाळवाल्या दमल्या होत्या, म्हणून ओढणी माझ्या गळ्यात. मी कागदांवरून तुरूतुरू गेलो आणि चादरीला हात लावला. भिंगरी अशी उसळली की ओढणीसकट माझी गिरकी झाली.

"पण तिला समजलं का?" साहेब म्हणाले. "सांगितलं तेवढंच केलं असेल." त्यांचंही चूक नव्हतं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "जाळ खूप मोठा आला तर?"

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मेहुणीनं माझी बाही घट्ट धरली. भिंगरी स्वतःभोवती फिरली, थांबली, पुन्हा फिरली.

"मग बी पण जळेल." तिनं कागदाच्या वाटेकडे बोट दाखवलं. "एवढाच पाहिजे."

साहेबांनी पाठीवरची धूळ झटकली आणि मेहुणीला म्हणाले, "याच वर्गात राहू दे. तिच्यावाचून यांचा धडा अर्धाच राहिला असता."

मेहुणी हसता हसता रडायला लागली. मीही लागलो असतो, पण भिंगरीनं चादर माझ्या डोक्यावर टाकली.

"आता आजोबा बी!"

गुडघे कुरकुरले, तरी बसलो. आत अंधार आणि खडूचा वास. बाहेर मला किती जाळ द्यायचा यावरून तोफ आणि भिंगरीचं भांडण चाललं होतं.