बाराव्या सेकंदाचा पाव

व्हिडिओ जेमतेम अकरा सेकंदांचा. बेकरीवाला मागच्या दाराशी कचऱ्याच्या पिंपात पाव ओततो, पायरीवरचा म्हातारा त्यातला एक उचलतो, आणि बेकरीवाला तो त्याच्या हातातून हिसकावून घेतो. एवढ्यावर दुपारपर्यंत सगळ्यांना करुणेचं भरतं आलं. ज्यांनी त्या म्हाताऱ्याला वर्षानुवर्षं वळसा घालून ओलांडलं होतं, त्यांना तो एकाएकी सख्ख्या बापासारखा वाटू लागला. खुर्चीत बसल्या बसल्या, अंगठ्याने, जो तो गरिबांचा कैवारी झाला.

चर्चच्या भगिनी मंडळाला तर जोरच चढला. मंडळाची प्रमुख म्हणजे बेकरीत गल्ला सांभाळणाऱ्या धाकटीची थोरली जाऊ. तिने व्हिडिओखाली लिहिलं की या पाषाणहृदयी माणसासाठी प्रार्थना करा आणि जमेल तितकं पुढे पाठवा. प्रार्थना किती जणींनी केली ते देवाला ठाऊक. पुढे मात्र सगळ्यांनी पाठवलं. प्रभुभोजनाचा पाव वर्षानुवर्षं याच बेकरीतून यायचा, तोही बंद करायचं ठरलं. असल्या हातचं प्रभूच्या मेजावर नको म्हणे.

धाकटी त्याच बेकरीत गल्ल्यामागे उभी राहून हे सगळं वाचत होती आणि मनातल्या मनात एकेकीची सालटी काढत होती. ही स्वतःच्या सासूला शिळं वाढते. ती मोलकरणीला उंबऱ्याबाहेर उभी करते. टोमणे चांगले जमले होते, आणि जमलेत हे तिला कळतही होतं.

फक्त एक गोष्ट या टोमण्यांच्या आड येत होती. ते पाव तिच्यामुळेच फेकावे लागले होते.

बेकरीचा नियम साधा होता. काच फुटली की हातभर अंतरातलं उघडं सगळं टाकायचं, हळहळत बसायचं नाही. त्या सकाळी तिळाची बरणी फुटली ती धाकटीच्या कोपराने. तिच्या डाव्या हातात फोन होता, आणि फोनवर कुठल्याशा मुख्याध्यापिकेला लोक फाडून खात होते. ती बाई कोण, तिने काय केलं, धाकटीला काही माहीत नव्हतं. तरी लाल रागीट चेहरा दाबून झाला होता.

दोन ट्रे पाव पिंपात गेले. म्हाताऱ्याने उचललेल्या पावात काचेचा कण होता की नाही, कोण सांगणार? मालकाने तो ओढून घेतला, आत गेला आणि भट्टीतला गरम पाव आणून त्याच्या हातात ठेवला. पण तो बारावा सेकंद. चित्रण करणारीला तेवढा वेळ नव्हता.

तिसऱ्या दिवशी दारावर कुणीतरी ‘निर्दय’ असा कागद चिकटवला. मालक कणीक खरवडायच्या पात्याने तो मुकाट्याने काढत होता. गिऱ्हाईक अर्ध्यावर आलं होतं. धाकटी म्हणाली, “मालक, काच होती म्हणून सांगून टाका ना.”

“मग विचारतील, कोणी फोडली. तुमच्या त्या बायका तुम्हाला जिवंत सोडायच्या नाहीत, बाई. माझं चामडं जाड आहे.”

हा माणूस चर्चच्या दारापर्यंत यायचा तो पाव ठेवण्यापुरता. आत कधी बसला नाही, आणि मंडळातल्या एकीलाही न सुचलेलं, दुसऱ्याचा दोष अंगावर घ्यायचं काम तो दाराबाहेरूनच करून मोकळा झाला.

चौथ्या दिवशी पहाटे प्रार्थनेला बसल्यावर धाकटीला ते टोमणे प्रभूसमोर म्हणून बघावेसे वाटले. दोन म्हणून ती थांबली. त्या यादीत तिचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं.

शनिवारी मंडळाच्या बैठकीत ती उभी राहिली. “जाऊबाई, त्या पावांत काच असेल म्हणून ते फेकले. बरणी मी फोडली. माझ्या हातात फोन होता.” मग तिने गरम पावाचंही सांगितलं.

थोरलीने खुर्ची पुढे ओढली. “अगं, घरातलं घरात बोलू. इथे कशाला?”

“व्हिडिओ घरातल्या घरात पाठवला होतात का?”

 मग एकीने अडचण मांडली, की सात-आठ ग्रुपवर गेलंय, आता मागे घ्यायचं म्हणजे आपलं हसं होईल. सत्यापेक्षा हसं जड, असं बसल्या जागी ठरलं. धाकटीने तिथेच फोन काढला आणि सगळं स्वतःच्या नावाने लिहून पाठवलं. उत्तरात जोडलेल्या हातांची दोन चित्रं आली. संध्याकाळपर्यंत तिचाच फोटो फिरू लागला, खाली ‘फोनवेडी बाई’. तेच लोक, तीच करुणा. उत्तर तिला तोंडपाठ होतं. तिने ते लिहिलं, वाचलं, पुसलं आणि फोन गल्ल्याच्या खणात टाकला.

रविवारी थोरलीने दुकानातून आणलेला पाव मेजावर ठेवला आणि पिशवी उघडून बघतच राहिली. कापांचा पाव होता. प्रभुभोजनाला अख्खा पाव मोडायचा असतो. यंत्राने आधीच कापलेलं काय मोडणार? इतक्या जणींनी मिळून घेतलेला निर्णय, पण पावाकडे एकीनेही पाहिलं नव्हतं.

मालकाने नेहमीसारखा दारात आणून ठेवलेला पाव धाकटी आत घेऊन आली. अख्खा, अजून कोमट.

“काच नाही ना?” थोरलीने हळूच विचारलं.

“मालकांनी दोनदा पाहिलंय,” धाकटी म्हणाली, आणि पुढचा टोमणा ओठांवर आलेला गिळून तिने पावाखाली स्वच्छ रुमाल पसरला.