चार सेकंदांची जागा

पडद्यावरची ध्वनिरेषा नऊ ठिकाणी अगदी सपाट होत होती. प्राध्यापिकेने पेन्सिलीने वहीत वेळा मांडल्या: प्रत्येक सपाट तुकडा चार सेकंदांचा, फार तर एखाद्या दशांशाचा फरक. घड्याळाकडे न बघता माणूस इतका नेमका थांबू शकतो, याचं तिला नवल वाटलं; त्या माणसाची मुलगी असूनही.

“मॅडम, आता डोळे मिटले तर उघडायचे नाहीत माझे,” संकलक म्हणाला. विद्यापीठाच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत दोघं सकाळपासून बसले होते. “हे खड्डे बुजवू का? बघणाऱ्याला वाटेल, आवाजच गेला.”

“थांबा. बाबा येताहेत. त्यांना विचारल्याशिवाय काही कापायचं नाही.”

संगीत आणि श्रद्धा या विषयावरच्या माहितीपटासाठी तिने प्रार्थनागृहातलं बाबांचं गाणं चित्रित करवून घेतलं होतं. कॅमेरा विद्यार्थ्यांनी लावला. ती बाहेर गाडीतच बसून राहिली होती.

तिथली रीत अशी, की पुढे बसणाऱ्याने एक ओळ म्हणायची आणि उत्तराची ओळ त्याच्या घरच्याच माणसाने. आई होती तोवर ती आईने म्हटली. नंतर ती जागा लेकीची. आई गेल्यापासून अकरा वर्षं बाबा दर आठवड्याला फोनवर विचारत, “येतेस ना?” ती म्हणे, “बघते.” कॉलेजात असतानाच तिचा विश्वास उडाला होता, पण ते सांगायला जीभ रेटत नव्हती.

बाबा आले ते धापा टाकत.

“तिसऱ्या मजल्यावर विद्या ठेवलीत. म्हणजे म्हाताऱ्यांना ती द्यायचीच नाही तुम्हाला!”

“लिफ्ट आहे, बाबा.”

“बंद आहे. आणि तू वाळलीस किती! जेवतेस की नाही?”

संकलकाने हसून खुर्ची पुढे सरकवली आणि गाणं लावलं. पडद्यावरच्या बाबांनी पहिली ओळ म्हटली आणि ते थांबले. खुर्चीतल्या बाबांचं बोट गुडघ्यावर चारदा टेकलं. दुसऱ्या ओळीनंतर तिची पेन्सिलही वहीवर चारदा टेकली. तिने ती मुठीत घट्ट धरली.

“आजोबा, या मोकळ्या जागा काढल्या तर गाणं सलग होईल,” संकलक म्हणाला.

बाबांनी मान हलवली.

“काढा. तिथेही सगळे म्हणतात, उगीच थांबतो म्हातारा.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “हिच्यासाठी थांबत होतो. नाही थांबलो, तर दार लावून घेतल्यासारखं झालं असतं. पण आता दमलो बुवा.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. संकलकाने पहिला सपाट तुकडा निवडला. तो पिवळा झाला.

“राहू द्या तो,” ती म्हणाली.

“मग बाकीचे?”

“सगळे राहू द्या.”

बाबांनी चष्मा घातला. ती आता येणार असंच समजून त्यांचा चेहरा उजळला. तिने पेन्सिल खाली ठेवली.

“ओळ मला येते, बाबा. आईसारखीच येते,” ती म्हणाली. “पण तिथे म्हणायला मी येणार नाही. कधीच नाही.”