बाराव्या दिवसाआधी

नेत्रानं अमेरिकेतली, बेलव्ह्यू शहरातली कॉम्प्युटरची सोन्यासारखी नोकरी सोडली आणि डोंगरापलीकडच्या एका ओसाड फोर्टमध्ये गाइड झाली, तेव्हाच मी म्हटलं, पोरीचं डोकं फिरलंय. फोर्ट कसला, डोंबल! चार लाकडी बराकी आणि एक मैदान. सव्वाशे वर्षांपूर्वी सरहद्द राखायला इथं घोडेस्वार आणून ठेवले होते. अठरा वर्षांत तेही गाशा गुंडाळून गेले.

२००६च्या जूनमध्ये मी तिला परत न्यायलाच गेले. बघते तर काय, बाईसाहेब जुन्या काळचा झगा घालून टबात सैनिकांचे सदरे घासतायत आणि पंधरा टूरिस्ट कौतुकानं बघतायत!

"अगं, कॉम्प्युटर सायन्स काय धुणं धुवायला शिकवलं तुला?" मी सगळ्यांदेखत ओरडले. "आणि कॉलर तशीच काळी!"

"आई, प्लीज. टेन मिनिट्स," ती हसली आणि लोकांना सांगत राहिली. पलटणीबरोबर धुणं धुणाऱ्या बायका असत. त्यातल्या एकीचं बाळ नवव्या दिवशी दगावलं. दहाव्या दिवशी ती पुन्हा टबापाशी उभी होती.

लोक पांगल्यावर नेत्रा मला मागच्या माळावर, जुन्या दफनभूमीत घेऊन गेली. पलटणीनं जाताना सैनिकांची हाडं थडग्यांतून उकरून सोबत नेली होती. मागे हे एवढंच राहिलं होतं, 'बाळ' एवढंच कोरलेला वीतभर दगड.

"दोन वर्षं मी याचं नाव शोधतेय, आई. सापडलं की दगडावर घालणार. तोवर मी कुठे जाणार नाही."

मी तिथंच गवतात बसले.

"नाव ठेवलंच नसेल गं," मी म्हटलं. "आपल्याकडेही बाराव्या दिवशी ठेवतात. तुझ्याआधी एक झाला होता, नागपूरला. पाळणा सजवला होता, लोकांना बारशाची बोलावणी गेली होती. अकराव्या दिवशी गेला."

अठ्ठावीस वर्षांत हे मी कुणाशी बोलले नव्हते. नेत्रानं साबणानं सोललेल्या हातात माझा हात घेतला.

"काय नाव ठेवणार होतीस?"

"मोरेश्वर."

"मोरेश्वरदादा," ती हळूच म्हणाली.

मग मात्र मी ढसाढसा रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

घरी चल म्हणायला आले होते, ते म्हटलंच नाही. उठताना फक्त सांगितलं, "उद्यापासून आधी कॉलर घासत जा बाई. लोक बघतात."