एकवीस रात्रींचे वजन

दसऱ्याच्या दुपारी सव्वादोन वाजता, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या एका पिकअप ट्रक विक्रेत्याच्या आवारात, मी एका गाडीचे दार उघडून त्याच्या चौकटीवरचे लेबल वाचत होते. माझे पती रवींद्र गाडीच्या चामडी सीटवर हात फिरवत होते. आमचे जुने स्नेही प्रसाद एक नारळ आणि चार लिंबे घेऊन चाकाशी उभे होते.

"वहिनी, लेबल काय वाचताय? कलर बघा, कलर! हाफ-टन बास आहे यार. माझी हीच आहे. बोट ओढतो मी हिच्यावर."

"ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं, भाऊजी."

आम्ही एक कॅम्पर घेतला होता. कॅम्पर म्हणजे ट्रकच्या हौद्यात बसवायची छोटी खोली: पलंग, ओटा, पाण्याची टाकी. ती खोली पेलणारा ट्रक निवडायचा होता. 'हाफ-टन' हे केवळ नाव आहे, माप नव्हे. कोणता ट्रक किती भार वाहील हे त्याच ट्रकच्या दारावर लिहिलेले असते. इथे लिहिले होते, प्रवाशांसकट चौदाशे ऐंशी पौंड. छतावरची काच आणि आतले चामडे यांनी आपला वाटा आधीच उचलला होता.

मी सव्वीस वर्षे एका तेल कंपनीत भूवैज्ञानिक होते. पश्चिम टेक्ससच्या पोटात गाडल्या गेलेल्या एका प्राचीन समुद्री खडकाचे आलेख वाचणे हे माझे काम. तोच खडक ग्वादालूपेच्या डोंगरात उघड्यावर आला आहे, आमच्या घरापासून दोन दिवसांच्या अंतरावर. मी तो कधीही पाहिलेला नाही. आधी सवड नव्हती. नंतर माझी मूत्रपिंडे निकामी झाली. आता रोज रात्री एक यंत्र टप्प्याटप्प्याने बारा लिटर द्रावण माझ्या पोटात सोडते आणि काढून घेते. स्वच्छ बंद खोली आणि वीज असेल तर हे कुठेही करता येते, असे माझ्या डॉक्टरांनी लेखी दिले आहे. त्या डोंगराकडे एकवीस रात्रींच्या प्रवासाला आप्तेष्टांचा नकार मात्र तोंडी होता आणि त्याला आधार काहीच नव्हता.

विक्रेत्याने आम्हाला शेजारचा मोठा ट्रक दाखवला. त्यालाही छतावर काच आणि आत चामडे; लेबल एकोणतीसशेचे होते. प्रसादांनी कॅम्परचे माहितीपत्रक फडकावले.

"कॅम्पर बावीसशे. सातशे उरले! वहिनी, सही करा. विजय मुहूर्त दोन चोपन्नला संपतो."

"पुण्यातला की ह्यूस्टनमधला?"

"ह्यूस्टनचाच. ॲपवर चेक केलंय."

"माहितीपत्रकातलं वजन कोरडं आहे. पाणी नाही, गॅस नाही, बॅटरी नाही." माझ्या आजारातही 'कोरडे वजन' ही संज्ञा आहे, पण तिथे ते रुग्णाला काट्यावर उभे करून ठरवतात. मी पर्समधून हायवेवरच्या वजनकाट्याची पावती काढली. "भरलेला कॅम्पर अठ्ठावीसशे सत्तर. मी एकशे पंधरा. रवींद्र?"

"एकशे पासष्ट," रवींद्र छताकडे पाहत म्हणाले.

"किरकोळ सामान एकशे सत्तर. आणि द्रावण: रात्रीला तीस पौंड, एकवीस रात्री. सहाशे तीस. एकूण एकोणचाळीसशे पन्नास."

 मग वजाबाकी सुरू झाली, आणि ती माझ्यातूनच सुरू झाली.

"द्रावणाचे एकाच आठवड्याचे बॉक्स घेऊ," रवींद्र हळूच म्हणाले. "बाकीचे कंपनी वाटेत डिलिव्हर करते ना."

"मोटेलच्या पत्त्यावर. मला जिथे राहायचंय त्या माळाला पत्ता नाही."

"एखाददुसरी रात्र कॅन्सल केली तर?" प्रसादांनी विचारले. त्यांच्या आवाजात खरी कळकळ होती. म्हणूनच मला राग आवरेना.

"तुम्ही आठवडाभर बाथरूमला जाणं कॅन्सल करा, भाऊजी. मग बोलू. या गाडीतून काच काढा, चामडं काढा, तो नारळ काढा. माझ्या रात्री काढायच्या नाहीत. एकवीस म्हणजे एकवीस."

विक्रेत्याला मराठी कळत नव्हते, पण बोट कुठे रोखले आहे ते कळले. मागच्या रांगेत एक वन-टन आहे, तो म्हणाला, पण मॅडमना तो आवडणार नाही.

तो ट्रक पांढरा होता. तळाला रबर, सीट कापडी, खिडक्यांना हाताने फिरवायचा दांडा. लेबल: चार हजार एकशे ऐंशी.

"प्लंबरची गाडी आहे ही!" प्रसाद कळवळले. "मराठी मंडळाच्या पार्किंगमध्ये लोक काय म्हणतील?"

"नळ गळत असतील तर सांगा म्हणावं."

"आणि एवढं धूड चालवणार कोण?"

"मी."

लेबलवर विश्वास ठेवायला मी तयार होते, पण पडताळून. ट्रकची एकूण मर्यादा अकरा हजार चारशे. इंधनाची टाकी पूर्ण भरून तो रिकामा ट्रक मी स्वतः वजनकाट्यावर नेला आणि खाली उतरले: सात हजार दोनशे वीस. वजाबाकी तंतोतंत जुळली. परत येऊन सही केली तेव्हा साडेतीन वाजले होते. प्रसादांनी तरीही चाकांखाली लिंबे ठेवली. मी हरकत घेतली नाही. त्यांचे वजन नगण्य होते.

निघायच्या सकाळी आम्ही सगळे लादून पुन्हा काट्यावर गेलो. माझा हिशेब होता अकरा हजार एकशे सत्तर. पावतीवर छापून आले अकरा हजार दोनशे.

मी सगळे आकडे पुन्हा तपासले. बॉक्स मोजले. बरोबर एकवीस रात्री.

"रवींद्र, तीस पौंड कुठून आले?"

त्यांनी सीटबेल्ट थोडा सैल केला. "एकशे पंच्याण्णव," ते म्हणाले. "बी.पी.ची गोळी सुरू झाली तेव्हाच सांगणार होतो."

"आणि मला रात्री कमी करायला सांगत होतात."

त्यांनी दाराच्या कडीला हात घातला. मग म्हणाले, "उतरू का?"

"दोनशे पौंड शिल्लक आहेत. बसा."

मी गिअर टाकला. धूड जराही कुरकुर न करता हलले, आणि मी ते पश्चिमेच्या रस्त्याला लावले.