बावीस मिनिटांचा माणूस

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दादा नाश्त्याच्या टेबलावर फोनचं बिल वाचून दाखवायचा. लोक वर्तमानपत्र वाचतात, हा बिल वाचायचा. चहा गार झाला तरी चालेल, पण वाचन मध्येच तोडायचं नाही. दादा बत्तीस वर्षं एका कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर होता. कोण किती मिनिटं उशिरा आला, कोण किती वेळ चहाला गेला, हे वहीत टिपण्यात त्याची हयात गेली. निवृत्त होताना कारखान्याने त्याला मनगटी घड्याळ दिलं, आणि फाटक तो स्वतःच घरी घेऊन आला.

घरात तीन फोन होते. एक दादाचा, एक वहिनीचा आणि एक धाकट्या बहिणीचा. तिन्ही एकाच कौटुंबिक प्लॅनवर, तिन्ही दादाच्या नावावर, दोन-दोन वर्षांच्या कराराने बांधलेले. बहीण एक्कावन्न वर्षांची, लग्न न केलेली, मागच्या खोलीत राहणारी. दोन गल्ल्या पलीकडे, कुलूपवाला आणि न्हावी यांच्या मध्ये, तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. अंगाने बारीक, तोंडात कायम टाचण्या धरलेल्या आणि बोलणंही त्याच जातीचं, म्हणून गिऱ्हाइकं तिला टाचणीबाई म्हणायची. तिला ते नाव आवडायचं. निदान ते तिने स्वतः कमावलेलं होतं.

त्या रविवारी दादाचं लाल पेन एका ओळीवर थांबलं.

"हे बघ, पुन्हा. मंगळवार, दुपारी दोन वाजून तीन मिनिटं. बावीस मिनिटं बोललीस. त्याच्या आधीच्या मंगळवारी एकोणीस, त्याआधी चोवीस. कोण आहे हा?"

टाचणीने पावाला लोणी लावलं. "आहे एक जण."

"एक जण म्हणजे?"

"म्हणजे दोन नाहीत."

वहिनीने हसू चहाच्या कपात बुडवलं.

आता हा एक जण म्हणजे कोण, तर बटणवाले आजोबा. वय ऐंशीच्या घरात. परगावी एका खोलीत ते जुन्या कोटांची बटणं डब्यांत लावून बसलेले असत आणि टाचणीला हवं तसं बटण जगात फक्त त्यांच्याकडे मिळे. कानाने मात्र ठार बहिरे. फोनची घंटाही त्यांना ऐकू जात नसे. म्हणून मंगळवारी दोन ते तीन ते फोन मांडीवर घेऊन, त्याच्या उजेडाकडे बघत बसायचे. चार भोकांचं, तपकिरी, कडेला खाच असलेलं, हे तीनदा ओरडून सांगायला बावीस मिनिटं सहज लागत. हे सगळं टाचणीला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण ते वाक्य काही केल्या तिच्या ओठांवर येईना. येऊ द्यायचंच नव्हतं तिला.

"अगं, कर नाही त्याला डर कशाला?" दादा म्हणाला. "सांगून टाक, मिटलं."

"डर नाही, म्हणूनच सांगत नाही."

"माझ्या नावावरचा फोन आहे. मला कळायला नको?"

असं म्हणून दादाने चष्मा चढवला, आपला फोन उचलला आणि टेबलावरच तो नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. रविवारी सकाळी बटणवाल्या आजोबांच्या मांडीवर फोन कुठून असणार? दादाने पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला.

"उचलत नाही," तो विजयी मुद्रेने म्हणाला. "चोराच्या मनात चांदणं!"

टाचणीच्या अंगाची लाहीलाही झाली. नऊ वर्षं दर महिन्याला आपला वाटा ती वहिनीच्या हातात ठेवत आली होती, एकदाही चुकली नव्हती. पन्नाशी उलटलेल्या बाईने दुपारी कुणाशी किती बोलायचं, याची हजेरी हा घेणार? आणि आजवर आपण ती मुकाट्याने देत आलो? राग दादाचा होता त्याहून जास्त स्वतःचा होता. तिने अर्धा पाव तसाच टाकला आणि उठली.

सोमवारी दुकान उघडण्याआधी ती चौकातल्या फोनच्या दुकानात गेली. काउंटरवर निळं नेलपेंट लावलेली एक मुलगी होती.

"मला करार नको," टाचणी म्हणाली. "कराराशिवाय काय असतं ते दे."

"प्रीपेड घ्या ना, मावशी. आधी पैसे भरायचे, मग बोलायचं. संपले की पुन्हा भरायचे, नाही भरले तर गप्प बसायचं. बिलबिल काही नाही."

"आणि ती यादी? कुणाला किती वेळ फोन केला त्याची? ती घरी येते का?"

"यादी कशाला येईल? घरी काहीच येत नाही."

टाचणीला हे इतकं गोड वाटलं, की तिने ते तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. पण घोडं पुढे पेंड खायला लागलं. जुनाच नंबर प्रीपेडवर आणायचा, तर तो ज्याच्या नावावर आहे त्याच्या फोनवर सहा आकडी कोड येणार आणि त्याने तो द्यायला हवा.

"नंबर माझा आहे गं. नऊ वर्षं मीच वापरतेय."

"वापरता तुम्ही, मावशी. आहे दुसऱ्याचा."

त्या पोरीचं काही चुकलं नव्हतं, पण ते वाक्य टाचणीच्या काळजात रुतलं. कारण तो नंबर नुसता फोनमध्ये नव्हता. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक कपड्याच्या आत, अस्तराच्या शिवणीला, ती बोटभर पांढरी पट्टी शिवायची आणि त्यावर लाल दोऱ्याने आपला नंबर घालायची. पाटी पावसात धुतली जाते, कार्ड हरवतं. कोट उसवला की आतली पट्टी बरोबर सापडते, असा तिचा हिशेब. अर्ध्या शहराच्या कोटांत, झग्यांत, विजारींत तो नंबर होता. तो गेला तर गिऱ्हाइकांनी तिला शोधायचं कसं?

रात्रीच्या जेवणाआधी तिने दादाकडे कोड मागितला.

"आधी नाव, मग कोड," दादा म्हणाला. "आणि तू बाहेर पडलीस तर तिघांची सवलत जाते, त्याचं काय?"

"भीक नको, पण कुत्रा आवर, अशी गत झालीय माझी त्या सवलतीने."

वहिनीने तिला स्वयंपाकघरात ओढलं. वहिनीला आजोबांचं सगळं ठाऊक होतं, एकदा बटणं आणायला तीच गेली होती. "अहो, सांगून टाका ना त्यांना. बहिरा म्हातारा आहे म्हणावं. नाहीतर मी सांगते. एवढ्याशा गोष्टीसाठी धंद्याचं वाटोळं करून घेणार का?"

"तू सांगितलंस तर तुझ्याशीही बोलणार नाही," टाचणी म्हणाली. "आज म्हातारा आहे म्हणून सुटेन. उद्या तरुणाशी बोलले तर? मग पुन्हा उभं राहायचं का फाटकाशी?"

वहिनीच्या स्वतःच्या फोनवरचे तिच्या माहेरच्या बहिणीचे कॉल नऊ मिनिटांच्या वर जात नसत, कारण लाल पेन दहाला सुरू होई. ती नुसतीच भांड्याशी चाळा करत राहिली.

टाचणी बाहेर आली. केसांतली पिन काढून तिने फोनचं सिम टोचून बाहेर काढलं आणि दादासमोरच्या बिलावर ठेवलं.

"घे. तुझ्या नावावरचा आहे ना? सांभाळ."

दुसऱ्या दिवशी तिने नवं प्रीपेड सिम घेतलं, स्वतःच्या नावावर, स्वतःची सही करून. दुकानाच्या दारावर नवा नंबर रंगवला. आणि मग आठवडाभर ती माशा मारत बसली. हातातली कामं बुधवारीच संपली. शेजारचा कुलूपवाला येऊन म्हणाला, "काय टाचणीबाई, फोनवर भेटत नाही म्हणे तुम्ही? एक बाई माझ्याकडे विचारत होती." तिने हसून वेळ मारून नेली, पण खरं सांगायचं तर तिची झोप उडाली होती. भाडं पुढ्यात होतं. रोज घरी जाताना वाटायचं, एक वाक्य तर आहे, बोलून मोकळी हो. आणि रोज ती दार उघडून, दादाकडे न बघता, मागच्या खोलीत जायची.

इकडे दादाची वेगळीच कथा सुरू झाली होती. तो चाललेला करार वाया कसा घालवणार? आणि मुख्य म्हणजे, तिला कोणाकोणाचे फोन येतात हे आयतंच कळणार होतं. त्याने ते सिम एका जुन्या फोनमध्ये घातलं, वही उघडली आणि टेबलाशी ठाण मांडलं. पुढचं वहिनी रोज संध्याकाळी दुकानात येऊन, पदर तोंडाशी धरून सांगू लागली.

पहिला फोन आला तो एका वकीलबाईंचा. "माझ्या काळ्या कोटाची बाही झाली का?" दादा म्हणाला, "राँग नंबर." बाई कडाडल्या, "राँग कसला? कोटाच्या आत शिवलाय हा नंबर! तुम्ही कोण?" मग एका गायकवृंदाच्या गुरुजींचा, तीस झगे दोन बोटं लांब करायचे होते. मग एक नवरदेव, ज्याची विजार आठ दिवसांत घट्ट झाली होती आणि जो तिचा दोष दुकानाला देत होता. आणि जो तो दादाला विचारी, "तुम्ही कोण? नवीन हाताखाली लागलात का?" आयुष्यभर दुसऱ्यांना कोण म्हणून विचारणाऱ्या माणसाला आता दिवसातून दहा वेळा स्वतःची ओळख द्यावी लागत होती.

"फोन बंद करून ठेवा म्हटलं," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "तर म्हणतात, नोंद अपुरी राहील!"

आणि पुढचा मंगळवार आला. कामच नव्हतं, तर टाचणीला बटण कशाला लागणार? दोन वाजले, सव्वादोन झाले, टाचणीचा फोन आला नाही, म्हणून काळजीने बटणवाल्या आजोबांनीच तिचा जुना नंबर लावला.

बुधवारी सकाळी दादा दुकानाच्या दारात उभा राहिला. नऊ वर्षांत तो इथे दोनदा आला होता. काखेत वही, घसा पार बसलेला. त्याने टेकायला जागा शोधली, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला आणि वही पुढे सरकवली. त्रेसष्ट फोन. प्रत्येकाची वेळ, नाव, काम, सगळं सुवाच्य अक्षरात. शेवटच्या ओळीवर लाल पेनाने लिहिलं होतं: एक्केचाळीस मिनिटं.

"बहिरा आहे तो," दादा म्हणाला.

"हो."

"मी तुझा भाऊ आहे, हे त्याला सहा वेळा सांगितलं. शेवटी त्याने माझ्यासाठी बटणं बाजूला काढून ठेवली."

टाचणीने तोंडातल्या टाचण्या घट्ट धरल्या, नाहीतर हसू फुटलं असतं.

"आधीच सांगायचं होतंस," दादा म्हणाला. "एवढं रामायण कशाला? चल, कोड देतो. नंबर घेऊन टाक तुझा."

तिने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. एवढा वेळ ज्याची वाट बघितली ते समोर होतं. वकीलबाई, तीस झगे, दुकानाचं भाडं, सगळं त्या सहा आकड्यांत होतं. हात पुढे करायचा अवकाश.

"दादा, एक सांग. तो म्हातारा निघाला म्हणून देतोयस, की नंबर माझा आहे म्हणून?"

"त्याने काय फरक पडतो?"

"मला पडतो. तो बटणवाला चांगला चाळिशीचा असता, विधुर असता, गोड बोलणारा असता, तर दिला असतास कोड?"

दादाने घड्याळाकडे बघितलं.

"मग ठेव तुझ्याकडेच," टाचणी म्हणाली. "मी दारोदार फिरेन. एकेका कोटातली पट्टी उसवून नवी लावेन. आठ वर्षं लागली तरी लावेन. पण बटणवाल्याच्या वयावर मिळालेला नंबर मला नको."

दादाच्या हातातला जुना फोन वाजला. त्याने सवयीने उचलला. "हॅलो. हो, तिचाच. नाही, मी..." तो अडखळला. मग दारावर रंगवलेल्या नव्या नंबराकडे बघून, एकेक आकडा सावकाश, दोनदा वाचून दाखवला. फोन ठेवून त्याने वही मिटली.

"चाळिशीचा असता तरी," तो म्हणाला. बसलेल्या घशातून ते नीटसं आलं नाही.

"ऐकू आलं नाही."

"चाळिशीचा असता तरी!" दादा ओरडला. कालपासून त्याला तीच सवय लागली होती. न्हाव्याकडची गिऱ्हाइकं वाकून बघायला लागली.

टाचणीने फोनच्या दुकानातल्या त्या मुलीला फोन लावला. दहा मिनिटांत दादाच्या फोनवर कोड आला आणि त्याने तो मुकाट्याने वाचून दाखवला. दोन दिवसांत जुना नंबर प्रीपेडवर येईल, तोवर हा नवाच चालू राहील, असं ती मुलगी म्हणाली.

दादा उठतच होता, तेवढ्यात टाचणीचा फोन वाजला. दादाच्या तोंडून "को..." बाहेर पडलं, आणि उरलेला शब्द त्याने गिळला.

टाचणीने फोन कानाला लावला. कंपनीचीच ध्वनिमुद्रित बाई होती, आज रात्रीपर्यंत रिचार्ज केलं तर काय काय मिळेल ते सांगत होती. टाचणी दुकानाबाहेर गेली. फुटपाथवर ऊन होतं. "हो का?" ती हसून म्हणाली. "मग पुढे काय झालं? छे, छे, काहीतरीच तुमचं!" ध्वनिमुद्रित बाई आपलं म्हणणं संपवून कधीच निघून गेली होती. तरी टाचणी कुलूपवाल्याच्या दारापर्यंत आणि परत, मुका फोन कानाला धरून, खळखळून हसत चालत राहिली.

दादा आत स्टुलावर बसून होता. त्याचा डावा हात दोनदा वर आला. मग त्याने घड्याळ सोडवलं, पालथं करून मशिनवर ठेवलं आणि ती येईपर्यंत वाट बघितली.