उर्सुलाचं नाक

…आणि मातीच्या त्या गोळ्याला अजून नाक नव्हतं. कपाळ होतं, डोळ्यांच्या जागी अंगठ्याने दाबलेले दोन खळगे होते, हनुवटीही जवळजवळ जमली होती. पण मधला भाग सगळा सपाट, ओला, करडा. ज्यूडिथ खिडकीत भरतकाम घेऊन बसली होती आणि सुई पुन्हापुन्हा त्याच पाकळीत शिरत होती. टेबलावर, नासपतींच्या ताटाशेजारी, मुठीएवढं ते डोकं – ही उर्सुला. ही माझी सवत. मरून बारा वर्षं झाली, हाडंसुद्धा उरली नसतील, आणि आज बघा कशी दिवाणखान्यात येऊन बसली आहे.

"नाक कसं होतं, सर?" हॉगने विचारलं. हॉग नॉटिंगहॅमचा मूर्तिकार. तिकडच्या पांढऱ्या दगडात त्याने अर्ध्या परगण्यातली मेलेली माणसं कोरून चर्चमधून निजवली होती. हाताला कसब होतं, जिभेला हाड नव्हतं.

सर गर्व्हेज थॉर्नलो शेकोटीकडे पाठ करून उभे होते. "नाक…" ते म्हणाले. "चांगलं होतं की नाक."

"चांगलं म्हणजे सरळ, की बाकदार? की आपलं बसकं?"

"अरे बाबा, नाकासारखं नाक होतं!" सर गर्व्हेज चिडले आणि मग एकदम गप्प झाले. गप्पच राहिले. बाहेर कुंपणापलीकडे मेंढ्या चरत होत्या, त्यांच्याकडे बघत राहिले – आणि त्या गप्प राहण्याने ज्यूडिथच्या अंगाचा तिळपापड झाला. सांगत नाहीत. माझ्यासमोर सांगायचं नाही त्यांना. तिचं नाक, तिचे डोळे, तिचं सगळं आत कुठेतरी कुलूप लावून ठेवलंय, आणि मी खोलीत असताना ते कुलूप उघडणार नाहीत. मी उठून गेले तर सांगतील, पाणावलेल्या डोळ्यांनी, अगदी बारीकसारीक… तर मी उठणारच नाही. बसा मग दोघं मेंढ्या बघत.

खरं तर सांगायचं तर तीच सांगू शकली असती. उर्सुलाला तिने पाहिलं होतं – एकदाच, पण पाहिलं होतं. ज्यूडिथच्या वडिलांकडे, त्यांच्या त्या लोकरीच्या वासाच्या घरात, नाताळची मेजवानी होती आणि आसपासची बडी घराणीसुद्धा आली होती, नाक मुरडत का होईना. ज्यूडिथ तेव्हा सोळाची. जिन्याच्या कठड्याआडून बघत होती. उर्सुलाचं नाक डावीकडे वाकलेलं होतं, लहानपणी घोड्याने पाडलं होतं म्हणे. भुवईपाशी देवीचा वण. पुढच्या दाताचा कोपरा उडालेला, आणि तरी बाई तोंड उघडून हसत होती, खुशाल, मजुराच्या बायकोसारखी! तिच्या ओठावर साय लागली होती. आणि शेजारी बसलेल्या या माणसाने, तेव्हा नुसत्या गर्व्हेज थॉर्नलोने, हात पुढे करून अंगठ्याने ती पुसली होती, सगळ्यांदेखत, बोलणं न थांबवता. एवढंच. ज्यूडिथ त्या रात्री जेवली नव्हती. पुढे लग्न झालं, थॉर्नलोंच्या घरात ती बाईसाहेब झाली, किल्ल्या कमरेला आल्या. पण माझ्या ओठाला कधी साय लागलेली त्यांना दिसली नाही. की मीच नीट खाते, म्हणून?

"थडग्याच्या चौथऱ्यावर मधे तुम्ही निजलेले," हॉग काठीने जमिनीवर मापं घेत होता. "उजव्या हाताला पहिल्या बाईसाहेब, डाव्या हाताला या. बरोबर ना?"

"अर्थात," सर गर्व्हेज म्हणाले. नाकाला एवढा वेळ लागला होता, याला क्षणही लागला नाही.

मागच्याच आठवड्यात तिने अंथरुणात विचारलं होतं – मला ठेवाल उजवीकडे? लाज गिळून विचारलं होतं. हे हसले होते. दगड झाल्यावर उजवं काय नि डावं काय, ज्यूडिथ? मग द्या ना! काहीच फरक नसेल तर द्या की मला! जन्मभर दुसरी म्हणून वावरले, निदान दगडात तरी… पण ती कूस बदलून झोपली होती.

"आणि नावं? दोघींनाही 'लेडी' लावायचं?"

"दोघींनाही."

सुई बोटात गेली. लेडी! उर्सुला गेली तेव्हा हे साधे जमीनदार होते. बॅरोनेट झाले ते ज्यूडिथच्या हुंड्यावर. तिच्या बापाने जन्मभर लोकरीचे गठ्ठे उपसून जे जमवलं ते राजाच्या तिजोरीत गेलं, तेव्हा कुठे नावाआधी 'सर' आलं. आणि त्याच पैशात आता हिलाही मेल्यावर लेडी करायचं! करा. मुकुटच चढवा ना.

"चौथरा जरा रुंदच धरू का, सर?" हॉग डोळे मिचकावत म्हणाला. "एका घरी दोन बायका कोरून निघालो, तर वर्षभरात तिसरीसाठी सांगावा. जागाच नाही! शेवटी बिचारीला भिंतीत उभी केली."

"गप रे, आगाऊ!" सर गर्व्हेज म्हणाले, पण हसले. आणि जरा जास्तच वेळ हसले, असं ज्यूडिथला वाटलं. तिने हात पोटावर ठेवला. सातवा महिना चालू होता. तिची आधीची दोन बाळं चौथऱ्याच्या पुढच्या बाजूला कोरायची होती, हातात इवली कवटी धरलेली, कारण ती जगली नव्हती.

"तुमच्या तारखेची जागा कोरी सोडतो, बाईसाहेब," हॉग अदबीने म्हणाला. "नंतर फार काम नसतं ते."

नाक मात्र अडूनच राहिलं. उर्सुलाचं चित्र नव्हतं; चितारी यायचा होता, त्याआधी दुसरं बाळंतपण आलं आणि ती त्यातच गेली. शेवटी हॉगनेच तोडगा काढला – घरातलं कुणी समोर बसलं तर? त्याने सिसिलीकडे पाहिलं. ही उर्सुलाची मुलगी, चौदा वर्षांची, दाराशी उभी राहून मघापासून त्या गोळ्याकडे टक लावून बघत होती. पण तिला बापाचा जबडा होता, थॉर्नलोंचा, फावड्यासारखा.

"नको," हॉग म्हणाला. "हिच्यावरून घडवलं तर सर, तुमच्या उजव्या हाताला तुम्हीच झगा घालून निजल्यासारखे दिसाल."

"मग ज्यूडिथ बसेल," सर गर्व्हेज म्हणाले. "बसशील ना गं? उंचीबिंचीला सारखीच होती ती."

सारखी? वीतभर उंच होती माझ्याहून! ज्यूडिथने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. पण ते टोपी शोधत होते. घोडीला नाल मारायला लोहार आला होता, तिकडे जायची घाई होती.

जेवणानंतर टॅबिथा पेटी उघडून उर्सुलाची गळझालर घेऊन आली. ही घरातली सगळ्यात जुनी मोलकरीण. आता कुणी घालत नाही असली ती रुंद, कांजीने कडक केलेली, चुण्याचुण्यांची झालर; पिवळी पडलेली, लव्हेंडरचा वास मारणारी. "थोरल्या बाईसाहेबांना काय शोभायची ही!" टॅबिथा टाचण्या लावत म्हणाली. "मान होती ना लांब. असो. मान काय सगळ्यांनाच मिळते थोडीच."

"तुला जीभ मिळाली ना, पुरे झालं," ज्यूडिथ म्हणाली. "नीट लाव."

मग ती बसली. झालर हनुवटीखाली रुतत होती, श्वास वरच्यावर घ्यावा लागत होता. हॉगची बोटं चालायला लागली. तो एकदा तिच्याकडे बघे, एकदा मातीकडे, आणि सपाट जागेतून हळूहळू एक नाक वर येऊ लागलं – सरळ, बारीक, टोकाशी किंचित उचललेलं. माझं नाक. ज्यूडिथला आधी कळलंच नाही की आपल्याला आनंद होतोय. मग तो असा काही उसळला की तिला ओठ दाबून धरावे लागले. अगं उर्सुला, कुठे गेलं तुझं वाकडं नाक? कुठे गेला तो वण? दात तर दिसायचाच नाही, दगडाच्या बायका तोंड मिटून निजतात. उजवीकडे मी, डावीकडे मी! लोक येतील, नातवंडं-पतवंडं येतील, बोट दाखवतील, ही पहिली, ही दुसरी – आणि दोन्हीकडे मीच असेन, आणि तुला कुणी, कुणी म्हणून ओळखणार नाही. तिने मान आणखी ताठ केली. पोटात बाळाने लाथ मारली तरी ती हलली नाही.

उन्हं कलली तेव्हा सर गर्व्हेज परत आले, बुटांना चिखल, अंगाला घोड्याचा वास. काहीतरी बोलतच आत आले आणि टेबलापाशी थबकले. टोपी काढली.

"उर्सुला," ते म्हणाले.

त्यांचा आवाज घोगरा झाला होता. डोळे भरले होते, खोटे नव्हे, खरेच भरले होते. "हीच. हुबेहूब हीच. हॉग, तू माणूस आहेस की कोण?"

सिसिली पुढे आली. "आई अशी होती?"

"अगदी अशी, पोरी."

ही मुलगी रोज सकाळी ज्यूडिथसमोर गुडघ्यावर बसून आशीर्वाद मागायची, रीत म्हणून, भिंतीकडे बघत. आजवर तिने ज्यूडिथला 'मॅडम' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. तिने आता आपल्या बोटाचं चुंबन घेतलं आणि ते बोट मातीच्या गालावर अलगद टेकवलं. "सुंदर होती," ती म्हणाली. ज्यूडिथ शेजारीच उभी होती, गळ्यात ती झालर, मातीत होता तोच चेहरा. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

टॅबिथाने एप्रनने डोळे टिपले. "साक्षात थोरल्या बाईसाहेब!"

म्हणजे हिलाही आठवत नाही. यांनाही नाही… म्हणजे सकाळी ते गप्प होते ते… मेंढ्यांकडे बघत ते आठवत होते, आणि काही आठवत नव्हतं. कुलूप नव्हतंच. खोलीच रिकामी होती. इतकी वर्षं मी जिच्या नावाने जळले, जिच्यासाठी जेवणं टाकली, कुशी बदलल्या, ती या घरात कुणाच्याही आत नव्हती. अंगठ्याने साय पुसणाऱ्या माणसाच्यासुद्धा नाही. ती होती फक्त माझ्याकडे. नाक, वण, दाताचा कोपरा, सगळं. मीच तिला जपलं, मीच, जिवापाड, द्वेषाने.

"नाकात काही बदल हवा का, बाईसाहेब?" हॉग माती पुसत विचारत होता. "तुम्ही काही बोलणार होतात."

सिसिली वळून तिच्याकडे बघत होती. एक शब्द बोलले की हिला हिची आई मिळेल, आणि माझी उजवी बाजू जाईल. ज्यूडिथने तोंड उघडलं. झालर गळ्याला काचली. आणि भलतंच मनात आलं – मी गेल्यावर मला असं कोण जपेल? गेल्या रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकांवर पोरी बसल्या होत्या, गिरणीवाल्याची, वकिलाची, त्या नव्या पाद्र्याची बहीण. त्यातल्या एखादीने तरी माझ्याकडे असं पाहिलं असेल का, जेवण जाणार नाही इतकं? ती त्यांना डोळ्यांसमोर आणू लागली, एकेकीचा चेहरा चाचपू लागली. पाद्र्याची बहीण माझ्या हातमोज्यांकडे बघत होती. हातमोज्यांकडेच. गिरणीवाल्याची जांभई देत होती. उर्सुलाला निदान मी होते. तिने कठड्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नव्हतं, आणि तरी तिला मी मिळाले.

"बाईसाहेब?" हॉग म्हणाला.

"थांब जरा," ज्यूडिथ म्हणाली. "आठवू दे मला." ती अजून वकिलाच्या मुलीचे डोळे आठवत होती, ते आपल्याकडे वळले होते की नाही.